अंगकोरच्या वाटेवर

इ. स. १८६० च्या जानेवारी महिन्यातील गोष्ट. कंबोडियातील टोन्ले साप नावाच्या अफाट सरोवरातून एक नाव उत्तर तीराकडे चालली होती. नावेत दोन फ्रेंच गृहस्थ होते. त्यांपैकी एक, फादर सिल्व्हेस्त्र, बात्तांबांग या गावी राहणारे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. दुसरा तेहतीस वर्षांचा एक दाढीधारी प्रवासी होता. तो या देशात आला होता तो पशुपक्षी, कीटक आणि शंखशिंपले गोळा करण्यासाठी. परंतु सरोवरापलीकडील अरण्यात एक फार मोठे प्राचीन नगर ओस पडले आहे असे त्याच्या कानी आले होते, आणि ते पाहिल्यावाचून माघारी फिरण्यास त्याचे मन घेईना.

हा प्रवासी म्हणजे हेन्री मूओ. पुढे साऱ्या युरोपने त्याला अंगकोरचा शोधक ठरविले. हा मान त्याने कधी मागितला नव्हता. आणि खरे पाहता तो त्याचा नव्हताही. तरीसुद्धा अंगकोरचे नाव निघाले की मूओची आठवण होतेच. असे का व्हावे, हे त्याच्या अल्पशा आयुष्याकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते.

मूओचा जन्म १५ मे १८२६ रोजी फ्रान्समधील मोंबेल्यार या गावी झाला. हे गाव स्वित्झर्लंडच्या सीमेनजीक आहे. प्राणिशास्त्राचा थोर पंडित कूव्हिए हा याच गावचा. मूओचे वडील सरकारी नोकरीत होते. आई शिक्षिका होती व गावात तिच्याविषयी मोठा आदर होता. मुलाला भाषांची गोडी लागली ती बहुधा घरातूनच. अठरा वर्षांचा होताच तो रशियात गेला आणि तेथे भाषाशिक्षक म्हणून काम करू लागला. रशियात त्याने सुमारे दहा वर्षे काढली. याच काळात त्याला छायाचित्रणाचा छंद लागला. ही कला तेव्हा अगदी नवी होती. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटवावी लागे. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात फ्रान्स आणि रशिया एकमेकांविरुद्ध उभे ठाकले, तेव्हा त्याला तो देश सोडावा लागला.

यानंतर भाऊ चार्ल्स याला बरोबर घेऊन तो जर्मनी, हॉलंड, इटली या देशांत हिंडला आणि १८५६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये येऊन राहिला. दोघा भावांनी ज्या मुलींशी विवाह केले, त्या मंगो पार्क याच्या नात्यातील होत्या. मंगो पार्क म्हणजे आफ्रिकेतील नायजर नदीचा मार्ग शोधता शोधता १८०६ साली प्राणास मुकलेला प्रसिद्ध प्रवासी. अशा घरात दूरदेशांच्या कथा कमी ऐकू येत असतील असे वाटत नाही! मूओ जर्सी बेटावर स्थायिक झाला. कूव्हिएचे ग्रंथ वाचू लागला. पक्षी आणि कीटक यांच्या अभ्यासात रमला. त्याच सुमारास सयामविषयीचा एक इंग्रजी ग्रंथ त्याच्या हाती पडला. आज ज्या देशाला आपण थायलंड म्हणतो, तोच त्या वेळचा सयाम. ज्या देशातील पशुपक्ष्यांची शास्त्रज्ञांना फारच थोडी माहिती होती, तेथे जावयाचे त्याने ठरविले.

प्रथम त्याने आपल्या मायदेशाकडे साहाय्य मागितले. फ्रान्सच्या सरकारने ते नाकारले. मग लंडनमधील रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी आणि झूऑलॉजिकल सोसायटी या दोन संस्थांनी त्याला पाठिंबा दिला. २७ एप्रिल १८५८ रोजी तो शिडाच्या जहाजाने लंडनहून निघाला आणि चार महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून सप्टेंबरात बँकॉकला पोहोचला. पत्नी मागे राहिली. ती त्याला पुन्हा दिसावयाची नव्हती.

बँकॉक हे मूओचे मुख्य ठाणे झाले. तेथून त्याने चार प्रवास केले. सयामचा राजा मोंगकुत हा विद्याव्यासंगी होता. त्याला इंग्रजी उत्तम येत असे. अशा राजाच्या राज्यात परक्या प्रवाशालाही पुष्कळ सवलती मिळत. परंतु राजाज्ञेचा कागद हाती असला म्हणून चिखल सुकत नाही की जळवा दूर होत नाहीत. मूओच्या सोबतीला प्राइ आणि देंग हे दोन सेवक होते. शिवाय तिन्-तिन् नावाचा एक इवलासा कुत्रा होता. एवढ्या परिवारानिशी तो कधी होडीतून, कधी बैलगाडीतून, कधी हत्तीवरून आणि पुष्कळदा पायी हिंडला. दिवसा नमुने गोळा करावयाचे आणि सायंकाळी ते साफ करून, टाचून, कापसात बांधून पेट्यांत भरावयाचे, असा त्याचा क्रम असे. एवढ्या कष्टाने जमविलेला एक संग्रह घेऊन निघालेले जहाज सिंगापूरजवळ बुडाले आणि अनेक महिन्यांची मेहनत समुद्राच्या तळाशी गेली. हे कळल्यावरही त्याने काम थांबविले नाही.

दुसऱ्या प्रवासात तो समुद्रकिनाऱ्याने कंबोडियात उतरला. त्या देशाची राजधानी तेव्हा उदोंग येथे होती. तेथून पूर्वेकडील अरण्यात स्तिएंग नावाच्या आदिवासींच्या मुलखात त्याने तीन महिने मुक्काम केला. परतताना तो नोम पेन्हवरून टोन्ले साप सरोवरात शिरला. हे सरोवर मोठे विलक्षण आहे. उन्हाळ्यात त्याचे पाणी एका नदीवाटे मेकाँगला मिळते; पावसाळ्यात मेकाँगला इतका पूर येतो की, तीच नदी उलटी वाहू लागते आणि सरोवर फुगून कितीतरी पट मोठे होते. पाणी ओसरू लागले की मासळीची लयलूट होते. अंगकोरसारखे महानगर शेकडो वर्षे पोसले गेले ते या मासळीवर आणि आसपासच्या भातशेतीवर. मूओला सरोवराच्या मध्यभागी पाण्यात रोवलेला एक मोठा खांब दिसला. ती कंबोडिया आणि सयाम यांची सीमा होती. अंगकोरचा प्रदेश त्या वेळी सयामच्या ताब्यात होता. तो कंबोडियाला परत मिळाला १९०७ साली.

अंगकोर हे नाव ‘नगर’ या संस्कृत शब्दावरून आलेले आहे. ‘वाट’ म्हणजे त्या लोकांच्या भाषेत देऊळ किंवा मठ. मराठीतील वाटेशी या शब्दाचा काहीही संबंध नाही. पण मूओची वाट मात्र तेव्हा खरोखरीच अरण्यातून जात होती. बात्तांबांगहून निघालेली त्याची नाव सरोवर ओलांडून एका लहानशा नदीत शिरली. पुढे सयामी अधिकाऱ्याला परवान्याचा कागद दाखवून मूओ आणि सिल्व्हेस्त्र धुळीच्या रस्त्याने, दाट झाडीतून चालू लागले. काही तासांनी झाडी संपली आणि समोर पाहतात तो एक विस्तीर्ण खंदक, त्यावरून गेलेला फरसबंदीचा दगडी मार्ग आणि त्या मार्गाच्या टोकाशी आकाशात चढलेली शिखरे!

ते अंगकोर वाटचे मंदिर होते. त्याच्याभोवतीचा खंदक सुमारे १९० मीटर रुंद आहे. त्याला एक फेरी घालावयाची तर पाच किलोमीटरांहून अधिक चालावे लागते. पश्चिमेच्या महाद्वारातून आत गेले की मुख्य मंदिरापर्यंत सुमारे साडेतीनशे मीटर लांबीचा उंच दगडी मार्ग आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस कठड्याच्या जागी अनेक फणांचे नाग पसरलेले आहेत. मधले शिखर जमिनीपासून ६५ मीटर उंच आहे आणि चार कोपऱ्यांवर चार शिखरे आहेत. पायाला व आतील भरावाला आपल्या कोकणात असतो तसा जांभा दगड वापरला आहे. वरचे काम वालुकाश्माचे आहे. हा दगड सुमारे चाळीस किलोमीटर दूर असलेल्या कुलेन डोंगरातून आणला. चिरे एकमेकांवर असे घासून बसविले आहेत की सांध्यात चुना घालण्याची गरजच पडली नाही.

मंदिराच्या चारही अंगांस लांबच लांब ओवऱ्या आहेत आणि त्यांच्या भिंतींवर शिल्पपट कोरलेले आहेत. महाराष्ट्रातून गेलेला एखादा मुलगा या ओवऱ्यांतून हिंडू लागला, तर त्याला वाटाड्याची गरज भासणार नाही. येथे कुरुक्षेत्रावरील युद्ध आहे. शरपंजरी पडलेले भीष्म आहेत. तेथे लंकेतील संग्राम आहे. वानरांनी राक्षसांना दातांनी धरले आहे. पूर्वेच्या ओवरीत जवळजवळ पन्नास मीटर लांबीचे समुद्रमंथन आहे. एका बाजूस असुर, दुसऱ्या बाजूस देव, आणि मध्ये विष्णू. हे मंदिर बाराव्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मा याने बांधविले ते विष्णूसाठीच. पुढे ते बौद्धांचे झाले.

मूओला ही माहिती नव्हती. ती कोणी सांगावी असे जवळपास कोणी नव्हते. तो येथे सुमारे तीन आठवडे राहिला. एरवी कीटकांच्या पंखांवरील रेषा टिपणाऱ्या त्या माणसाने आता पायऱ्या मोजल्या, खांब मोजले, ओवऱ्यांची लांबीरुंदी मोजली, आराखडे काढले, चित्रे रेखाटली. जवळच्या बाखेंग टेकडीवर चढून त्याने सभोवारचा मुलूख न्याहाळला. अंगकोर थॉम या कोटबंद नगरात जाऊन बायोन मंदिराच्या शिखरांवरील मंद हसणारे प्रचंड पाषाणमुख त्याने पाहिले. ग्रीस आणि रोम यांनी मागे ठेवलेल्या कोणत्याही वास्तूपेक्षा ही वास्तू त्याला अधिक भव्य वाटली, आणि तसे त्याने लिहूनही ठेवले. युरोपाबाहेरील कोणतीही गोष्ट दुय्यम मानण्याच्या त्या काळात एका युरोपियनाने असे लिहावे, ही साधी गोष्ट नव्हती.

हे कोणी बांधले, असे त्याने तेथील लोकांना विचारले. कोणी म्हणाले, देवांच्या राजाने. कोणी म्हणाले, राक्षसांनी. कोणी एका कुष्ठरोगी राजाचे नाव सांगितले. तर कोणी म्हणाले की ते आपोआपच निर्माण झाले. या उत्तरांनी त्याचे समाधान झाले नाही. पण त्याने स्वतः जो तर्क केला तोही चुकला. अंगकोरचा सर्वांत जुना भाग दोन हजार वर्षांपूर्वीचा असावा आणि तो बांधणारी प्रजा नाहीशी झाली असावी, असे त्याला वाटले. डोळ्यांसमोर नांगर धरून उभा असलेला गरीब शेतकरी हाच त्या शिल्पकारांचा वंशज आहे, हे त्याच्या मनाला पटेना. १८७९ नंतर तेथील संस्कृत आणि ख्मेर शिलालेख वाचले जाऊ लागले, तेव्हा राजांची नावे, त्यांचे शक आणि बांधकामाचा काळ यांचा उलगडा झाला. ख्मेर लोकांचे पूर्वज हेच ते बांधणारे होते. आणखीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. या देशावर फ्रान्सची सत्ता यावी असे मूओला वाटत असे व आपल्या टिपणांत त्याने ते नमूद केले आहे. १८६३ साली कंबोडिया फ्रान्सच्या संरक्षणाखाली गेला आणि तो स्वतंत्र व्हावयास १९५३ साल उजाडावे लागले.

आता, मूओने अंगकोर शोधून काढले असे म्हणता येईल काय? मुळीच नाही. तो गेला तेव्हा अंगकोर वाटच्या आवारात बौद्ध भिक्षू झोपड्या बांधून राहत होते, पूजा करीत होते. देऊळ कधी हरवलेच नव्हते. १२९६ साली चौ ता-क्वान हा चिनी गृहस्थ राजदूताच्या परिवारातून तेथे आला होता आणि नांदत्या नगराचे त्याने लिहिलेले वर्णन १८१९ पासून फ्रेंच भाषेत उपलब्ध होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज धर्मोपदेशक तेथे पोहोचले होते. १६३२ साली आलेल्या एका जपानी यात्रेकरूने तर मंदिराच्या खांबावर आपला लेख लिहून ठेवला आहे. मूओच्या आधी दहाच वर्षे, १८५० साली, बुईव्हो हा फ्रेंच धर्मोपदेशक तेथे जाऊन आला होता व त्याने आपले प्रवासवर्णन प्रसिद्धही केले होते. या बिचाऱ्याला पुढे मूओच्या कीर्तीचा राग येई, आणि तो येणे अगदीच गैर होते असे म्हणवत नाही.

परंतु बुईव्हो तेथे दोनच दिवस थांबला होता. मूओ थांबला, त्याने मोजमाप घेतले आणि चित्रे काढली. ज्याला तेथे कधीच जाता येणार नाही, अशा वाचकाला ते सारे दिसावे अशा रीतीने त्याने लिहिले. मात्र हे लिखाण छापलेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

अंगकोरहून तो एप्रिलमध्ये बँकॉकला परतला. काही महिने पेचबुरीच्या डोंगरांत घालवून मग तो शेवटच्या आणि सर्वांत बिकट प्रवासाला निघाला. त्याला लाओसमध्ये, मेकाँगच्या वरच्या खोऱ्यात जावयाचे होते. पहिल्याच प्रयत्नात एका प्रांताधिकाऱ्याने त्याला वाहतुकीची जनावरे देण्याचे नाकारले. तेव्हा आलेल्या वाटेने परत बँकॉकला येऊन, नवी परवानगी मिळवून तो पुन्हा निघाला. कोरातच्या परिसरात त्याने आणखी एक ख्मेर मंदिर पाहिले. कीटक आणि पक्षी गोळा करणे चालूच होते. २५ जुलै १८६१ रोजी तो लाओसमधील लुआंग प्रबांग या राजनगरीत पोहोचला. डोंगरांच्या कुशीत, दोन नद्यांच्या संगमावर वसलेले हे गाव त्याला फार आवडले. तेथील राजाने त्याची भेट घेतली. आपली प्रकृती उत्तम आहे, काळजी करू नये, अशा अर्थाची पत्रे त्याने घरी पाठविली.

ऑगस्टमध्ये तो पूर्वेकडील अरण्यात शिरला. दिवस भर पावसाळ्याचे होते. अशा अरण्यात जो ताप माणसाला गाठतो, त्याचे कारण त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. हिवताप डासांमुळे पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी भारतात सिद्ध केले ते १८९७ साली. मूओला वाटे, तीन वर्षांच्या सवयीने आपले शरीर आता या हवेला सरावले आहे. १९ ऑक्टोबर रोजी त्याला ताप चढला. त्याच्या दैनंदिनीतील पाने येथून रोडावत जातात. २९ ऑक्टोबरला देवाची करुणा भाकणारी एक ओळ त्याने कशीबशी लिहिली. तीच शेवटची. १० नोव्हेंबर १८६१ रोजी सायंकाळी, नाम खान नदीच्या काठी, त्याने प्राण सोडला. त्याचे वय पस्तीस वर्षांचे होते.

जवळ होते ते प्राइ आणि देंग. त्यांनी आपल्या धन्याला नदीकाठीच मूठमाती दिली. यानंतर ते सामान तेथेच टाकून आपापल्या घरी गेले असते, तर त्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते. कीटकांच्या पेट्या बाजारात कोणी विकत घेणारे नव्हते. त्या वह्यांतील एक अक्षरही त्यांना वाचता येण्याजोगे नव्हते. तरीही त्या दोघांनी सारे काही गोळा केले आणि अरण्ये, नद्या, घाट ओलांडून शेकडो मैल दूर बँकॉकला आणून पोहोचते केले. अंगकोरची चित्रे, मोजमापे आणि टिपणे जगापुढे आली, याचे पुष्कळसे श्रेय या दोन सेवकांना आहे. शोधकांच्या यादीत त्यांची नावे सहसा आढळत नाहीत.

त्या वह्या मूओच्या घरी पोहोचल्या. भाऊ चार्ल्स याने त्या जुळविल्या. १८६३ साली एका फ्रेंच नियतकालिकातून हा प्रवास चित्रांसह प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्याचे इंग्रजी पुस्तक निघाले. ते वाचून जॉन थॉमसन नावाचा स्कॉटिश छायाचित्रकार १८६६ साली आपली अवजड यंत्रसामग्री घेऊन अंगकोरला गेला आणि त्या मंदिरांची पहिली छायाचित्रे त्याने घेतली. त्यानंतर संशोधकांची रीघ लागली. १९८६ ते १९९३ या काळात भारताच्या पुरातत्त्व खात्यातील तज्ज्ञ तेथे जाऊन अंगकोर वाटच्या दगडांवरील शेवाळ काढण्याचे आणि ढासळलेले भाग सावरण्याचे काम करीत होते. तेव्हा त्या देशात यादवी युद्ध चालू होते.

मूओ ज्यासाठी घराबाहेर पडला होता, त्या कामाचीही नोंद शास्त्रात राहिली आहे. लाओसच्या अरण्यातील एका मोठ्या, काळ्याभोर आणि चकचकीत किनारीच्या भुंगेऱ्याच्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी त्याचे नाव दिले. पाठीवर तीन कणे असलेल्या एका कासवालाही त्याचे नाव आहे. हे कासव आपल्याकडे ईशान्य भारतातही आढळते.

१८६७ साली मेकाँगच्या शोधार्थ निघालेली फ्रेंच मोहीम लुआंग प्रबांगला आली. मोहिमेचा प्रमुख दूदार द लाग्रे याने नाम खानच्या काठी मूओची लहानशी समाधी बांधविली. तिच्यासाठी लागणारे सामान तेथील राजाने दिले. नदीच्या पुराने ती वाहून नेली. वीस वर्षांनी तिच्या जागी दुसरी बांधण्यात आली. पुढे युद्धाचे दिवस आले, येणेजाणे थांबले, झाडी वाढली आणि समाधी कोठे आहे हेच पाहुण्यांना कळेनासे झाले. १९९० च्या सुमारास ती पुन्हा सापडली. आता तेथवर पायवाट आहे. नदीकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या चौथऱ्यावर मोठमोठ्या वृक्षांची सावली असते, आणि पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी चढत चढत खालच्या उतारापर्यंत येते.